दंतमूलगत व्याधी : बीजदोषाचा वाटा किती, मिश्रीच्या डबीचा किती?

हिरड्यांच्या तक्रारी घेऊन येणारा आपल्या वाशीम जिल्ह्यातील रुग्ण एक वाक्य हमखास उच्चारतो, "आमच्या घराण्यात दात टिकतच नाहीत." आजोबांची बत्तिशी पन्नाशीच्या आत गेली, वडिलांचीही गेली, तेव्हा आपलीही जाणारच, असा त्या बोलण्याचा भाव असतो. हे वाक्य वैद्याने मान डोलावून स्वीकारले की चिकित्सा तेथेच संपते. रुग्ण मग हलणारा दात काढून घेण्यापुरताच येतो आणि हिरडीतून येणारे रक्त व पू यांकडे कुळाचा वारसा म्हणून पाहू लागतो. या वाक्यात सत्य किती आणि सबब किती याची छाननी व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख आमच्या वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधालयचालकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शास्त्राची भूमी स्पष्ट करून घेऊ. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात एकूण ६५ मुखरोग सांगितले असून त्यांपैकी १५ केवळ दंतमूलगत आहेत. शीताद, दंतपुप्पुटक, दंतवेष्टक, शौषिर, महाशौषिर, परिदर, उपकुश, दंतवैदर्भ, वर्धन, अधिमांस आणि पाच नाडी अशी ही गणना आहे. हिरडी मऊ, काळपट व दुर्गंधीयुक्त होऊन अकस्मात रक्त वाहू लागणे हा शीताद. दाह, पाक, किंचित घासताच रक्तस्राव आणि दात हलू लागणे हा उपकुश. पूय व रक्त यांचा स्राव होऊन दात चल होणे हा दंतवेष्टक. आधुनिक दंतशास्त्र हिरडीपुरता मर्यादित दाह वेगळा मानते आणि दाताच्या आधाराचे अस्थी व स्नायुबंध झिजविणारा दाह, ज्यास लोक पायोरिया म्हणतात, तो वेगळा मानते. शीताद व पहिला, उपकुश-दंतवेष्टक व दुसरा, अशी जुळणी आपण महाविद्यालयात शिकलो आहोत. ती तंतोतंत नाही, पण व्यवहारास पुरेशी आहे. दोन्ही शास्त्रांचे एका मुद्द्यावर एकमत आहे. पहिली अवस्था पूर्ववत होऊ शकते. दुसऱ्या अवस्थेत गेलेले अस्थी सहसा परत येत नाहीत.

दंतवैदर्भाविषयी जाता जाता एक शब्द. हा अभिघातज व्याधी आहे, म्हणजे हिरड्या घासल्या गेल्याने शोथ येऊन दात हलू लागतात. त्याच्या नावाचा आपल्या विदर्भाशी संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. मात्र राखुंडी, कोळशाची पूड, विटकरीचा भुगा किंवा भरड मंजन तर्जनीने खसाखसा घासण्याची आपल्या खेड्यांतील सवय पाहिली की हा व्याधी इकडे दुर्मीळ नसावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता बीजाकडे वळू. सुश्रुतांनी सूत्रस्थानात व्याधींचे जे सात प्रकार केले त्यांत आदिबलप्रवृत्त हा पहिला असून शुक्रशोणिताच्या दुष्टीतून येणारे व्याधी त्यात गणले आहेत. उदाहरणे म्हणून कुष्ठ, अर्श आदींचा निर्देश आहे. दंतमूलगत व्याधींचा नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितले की बीजाचा जो भाग उपतप्त होतो, त्या भागापासून घडणाऱ्या अवयवात विकृती येते. त्याच स्थानी गर्भाचे मातृज व पितृज भाव दिले आहेत. दंत व अस्थी हे पितृज, तर रक्त व मांस हे मातृज. म्हणजे दंतमूल हा शरीरातील असा प्रदेश ठरतो की जेथे पित्याकडून आलेले कठीण द्रव्य मातेकडून आलेल्या मृदू द्रव्यात रोवले गेले आहे. ही मांडणी आजच्या आनुवंशिकीची नव्हे, आणि तशी ओढूनताणून दाखविण्याचेही कारण नाही. परंतु हिरडीचा इतिहास घेताना दोन्ही घराण्यांकडे पाहावे हा धडा त्यातून निश्चित घेता येतो. आपला रुग्ण मात्र बहुधा वडिलांच्या दातांविषयीच सांगतो.

आधुनिक अभ्यासांत या विषयाशी सर्वांत जवळचा असा एक अभ्यास आपल्या शेजारच्या श्रीलंकेत झाला. चहाच्या मळ्यांतील ४८० पुरुष मजुरांचे दात १९७० ते १९८५ या काळात पुनःपुन्हा तपासण्यात आले. हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. या मजुरांस दात स्वच्छ करण्याची रूढ सवयच नव्हती. सर्वांच्या दातांवर मल होता, दंतशर्करा होती, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही पंधरा वर्षांअंती सुमारे ८ टक्के मजुरांत आधाराची झीज अतिशय वेगाने झाली, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत व्याधी हिरडीच्या पुढे सरकलाच नाही. मळा तोच, अन्न साधारण तेच, अस्वच्छता तीच. परिणाम मात्र तीन. या फरकातील काही भाग बीजाचा असणार, हा तर्क सहज आहे.

त्या तर्काची परीक्षा जुळ्यांच्या अभ्यासांनी केली. अमेरिकेत मायकलोविच व सहकाऱ्यांनी प्रौढ जुळ्यांच्या ११७ जोड्या तपासून २००० मध्ये निष्कर्ष मांडला की आधारऊतींच्या झिजेतील व्यक्ती-व्यक्तींमधील फरकापैकी जवळपास निम्मा बीजाशी निगडित आहे. पुढे २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता जुळ्यांवरील अभ्यासांतून हा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास आला. मात्र त्या ११७ जोड्यांच्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आमच्या मते अधिक मोलाचा आहे आणि तो फारसा उद्धृत होत नाही. केवळ हिरडीच्या दाहात, म्हणजे आपल्या शीतादात, सवयींचा हिशेब वजा केल्यावर बीजाचा वाटा आढळलाच नाही. अर्थ असा की व्याधी सुरू होतो तो मलसंचयाने व आचरणाने. तो पुढे किती वेगाने खोल जाईल, यात बीज बोलते. "घराण्यात दात टिकत नाहीत" असे म्हणणाऱ्या रुग्णास हेच समजावून सांगावयाचे आहे. बीज वाईट असेल तर त्यास इतरांपेक्षा अधिक काटेकोर राहावे लागेल, कारण दारच बंद ठेवले तर आतील दुर्बलतेस वाव मिळत नाही.

१९९७ मध्ये इंटरल्युकिन-१ या दाहकारक द्रव्याच्या जनुकांतील एका विशिष्ट जोडीचा तीव्र व्याधीशी संबंध दाखविण्यात आला आणि लवकरच त्याची चाचणी बाजारात आली. पुढील अभ्यासांत हा संबंध सर्व समाजांत सारखा टिकला नाही. अनेक जनुके, प्रत्येकाचा परिणाम अल्प, असेच आजचे चित्र आहे. हिरडीसाठी जनुकचाचणी सुचविणारा कोणी भेटल्यास रुग्णाचे पैसे वाचवावेत.

एका जनुकाने संपूर्ण व्याधी घडतो असे उदाहरणही आहे, आणि ते दुर्मीळ असले तरी वैद्याने ओळखलेच पाहिजे. पापिलॉन व लफेव्र या फ्रेंच वैद्यकांनी १९२४ मध्ये त्याचे वर्णन केले. बालकाचे तळहात-तळपाय जाड, रूक्ष व भेगाळलेले होतात. दुधाचे दात येतात तसे हिरड्या लाल होऊन, पू येऊन चार-पाच वर्षांच्या वयात गळून पडतात. कायमचे दात आले की पुन्हा तेच, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मूल दंतहीन होते. कॅथेप्सिन-सी या विकराच्या जनुकातील दोष त्यास कारण आहे, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. दोष आई व वडील या दोघांकडून आला तरच व्याधी प्रकटतो. म्हणून रक्ताच्या नात्यातील विवाहांत तो अधिक दिसतो. हे प्रमाण दहा लाखांत एक ते चार इतकेच आहे, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांस असे मूल कधी दिसणार नाही. पण दिसलेच तर ते हातापायांसाठी येईल, आपण विपादिका समजून लेप देऊ, आणि दातांसाठी पालक अन्यत्र जातील. तळहात पाहताना तोंड उघडून पाहणे, एवढ्यानेच दोन धागे जुळतात. असे मूल विनाविलंब नागपूर अथवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात पाठवावे.

येथे एक सामाजिक बाब नोंदविणे भाग आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच अतुल्यगोत्रीय असे आहे. आपल्याकडे गोत्राचा अथवा कुळाचा नियम कटाक्षाने पाळला जातो, आणि तरीही अनेक समाजांत मामाची मुलगी करणे रूढीस मान्य आहे. मामेबहीण गोत्राने भिन्न, परंतु रक्ताने अगदी जवळची. नियम पाळला गेला तरी बीज जवळचेच राहते. सोयरीक जुळविताना आपला शब्द मानणारी कुटुंबे अजूनही आहेत. तेथे हे सौम्यपणे सांगता येते.

आता त्या घटकाकडे येऊ, जो घराण्यातून येतो पण बीजातून येत नाही. आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करते, सकाळी अंगणात बसून हिरड्यांना लावते, सून शिकते, नातीच्या दाढेत ठणका लागला की तिलाही चिमूटभर दिली जाते. तीन पिढ्यांच्या हिरड्या एकाच डबीने खराब होतात आणि त्यास वारसा म्हटले जाते. पुरुषांकडे तीच गोष्ट खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेली ती पुडी बाप खिशात ठेवतो, मुलगा टपरीवरून आणून देतो आणि काही वर्षांत स्वतःच खाऊ लागतो. भरीस भर म्हणजे दातांवरील मलातील काही रोगकारक जंतू मातेकडून बालकाकडे लाळेवाटे जातात, हेही आता ज्ञात आहे. म्हणून कौटुंबिक इतिहासात 'वडिलांचे दात लवकर गेले' एवढे लिहून थांबू नये. वडील काय खात होते, आई काय लावीत होती, हा प्रश्न विचारल्याशिवाय ती नोंद निरर्थक आहे.

प्राचीन ग्रंथांतील मुखरोगाच्या निदानांत तंबाखू नाही, कारण ती या देशात पोर्तुगीजांबरोबर आली. योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथात तमाखूचा उल्लेख येतो. वाग्भटांनी उत्तरस्थानात मत्स्य, महिष व वराहमांस, कच्चा मुळा, माषाचे सूप, दही, उसाचा रस, फाणित, पालथे झोपणे आणि दंतधावनाचा द्वेष ही कारणे दिली आहेत. आजच्या वैद्याने या यादीच्या शिरोभागी तंबाखू स्वतःच्या हाताने लिहावी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले. धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते, धूरविरहित तंबाखू घेणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा भार फुप्फुसाहून अधिक मुखावर आहे.

तंबाखूची क्रिया वैद्यास चकवणारी आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. बाहेरून हिरडी फिकट, घट्ट, निरोगी दिसते आणि आत अस्थी झिजत असते. अशा रुग्णात रक्तस्राव नाही म्हणून उपकुश नाही, असा निष्कर्ष काढू नये. दात दोन बोटांनी हलवून पाहावा. धूरविरहित तंबाखूचे चिन्ह निराळे. जेथे पुडी ठेवली जाते तेथेच, बहुधा खालच्या ओठाच्या वा गालाच्या आत, हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडते. शेजारी पांढरा चट्टा आहे का हे त्याच वेळी बोटाने चाचपावे. सुपारीने मुखातील श्लेष्मल त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. मग दाढांपर्यंत काडी वा ब्रश पोहोचतच नाही. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर प्रश्न केवळ हिरडीचा उरलेला नाही. तंबाखूविरहित विड्यालाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरविले आहे. 'तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' असे सांगणाऱ्यास हे ठाऊक नसते.

प्रमेहाच्या बाबतीत बीज व आचरण यांची गाठ सर्वांत घट्ट पडते. मधुमेही मातापित्यांपासून जन्मलेल्याचा प्रमेह बीजदोषामुळे साध्य नसतो, असे चरकांनी चिकित्सास्थानात म्हटले आहे. हिरडीचा व्याधी ज्यांच्या घरी 'वंशपरंपरेने' चालतो, त्यांतील काहींकडे प्रत्यक्षात प्रमेह वंशपरंपरेने चालत असतो आणि हिरडी ही त्याची केवळ पाटी असते. १९९३ मध्ये तर लो यांनीच दंतमूलव्याधीस मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. संबंध उलट दिशेनेही आहे. हिरडीचा उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीचा आकडा सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो, असे २०२२ च्या एका विस्तृत आढाव्यात दिसले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणात व्याधीचा वेग ठरविताना धूम्रपान व मधुमेह या दोनच गोष्टी मोजमापासह घेतल्या आहेत. एचबीएवनसी ७ वा त्याहून अधिक म्हणजे वेग सर्वाधिक. तेव्हा चाळिशीतील रुग्णात एकाहून अधिक दात हलत असतील तर मंजन देण्यापूर्वी रक्तशर्करा पाहणे, हा आम्ही तरी नियम मानतो.

गर्भिणीत संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात व प्रसूतीनंतर बव्हंशी ओसरतात. त्या काळात दात घासणे थांबविण्याचा सल्ला घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया देतात. तो मोडून काढावा. कोवळ्या भाज्या, आवळा, लिंबू ज्याच्या ताटात महिनोन्‌महिने नाही त्याच्या हिरड्याही रक्त देतात. आणि एक इशारा. तरुण रुग्ण, फिकटपणा, ज्वर, त्वचेवर निळे डाग आणि हिरड्या सुजून रक्त, असे चित्र असेल तर त्यास शीताद म्हणून जलौका लावू नयेत. प्रथम संपूर्ण रक्तपेशीगणना करावी. रक्तातील कर्करोग अनेकदा हिरडीतूनच प्रथम बोलतो. हृदयरोगासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसही रक्तमोक्षणापूर्वी विचारणे अनिवार्य आहे.

चिकित्सेचा विस्तार येथे अभिप्रेत नाही, पण एक क्रम मात्र सांगितलाच पाहिजे. सुश्रुतांनी दंतमूलास इजा न करता दंतशर्करा उपटून काढावी व मग लाक्षाचूर्ण मधासह प्रतिसारण करावे असे सांगितले. त्यांच्या वीस शस्त्रांत दंतशंकू आहे. आधी शर्करानिर्हरण, मग औषध, हा क्रम त्यांचा आहे. आज शर्करा काढण्याचे काम दंतवैद्याकडे सोपवावे आणि नंतर लोध्र, पत्तंग, यष्टी, लाक्षा यांचे मधासह प्रतिसारण, त्रिफळा-मुस्तादिकांचे गंडूष, इरिमेदादि तैल यांचे कार्य घ्यावे. दगडासारख्या शर्करेवर चूर्ण चोळून उपकुश बरा होत नाही. रुग्णाचा विश्वास तेवढा उडतो. दंतधावनास निंब, खदिर, करंज यांची काडी आपल्या बांधावरच आहे. करंगळीच्या टोकाएवढी जाड, बारा अंगुळे लांब, अग्र चावून मऊ केलेली, आणि हिरडीस न दुखविता वापरलेली.

औषधालयचालकांसाठी दोन गोष्टी. फिट्ससाठी दिले जाणारे फेनिटोइन, रक्तदाबासाठीची निफेडिपिन व अम्लोडिपिन, आणि सायक्लोस्पोरिन या औषधांनी काही रुग्णांत हिरडी वाढून दातांवर येते. जो ग्राहक दरमहा अम्लोडिपिन नेतो आणि 'हिरडी फुगली' म्हणून मंजनही मागतो, त्यास मंजन देताना मूळ डॉक्टरांकडे जाण्यास सांगणे हे दुकानातच शक्य आहे. गोळी परस्पर बंद करावयास मात्र सांगू नये. दुसरी गोष्ट मंजनाच्या डबीची. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी केली व ती सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कायम ठेवली. गुटख्याचा इतिहास वळणावळणाचा आहे. राज्याची २००२ ची बंदी २००४ मध्ये न्यायालयात टिकली नाही, अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१२ मध्ये ती पुन्हा आली. मंजनाच्या बाबतीत असा संभ्रम कधीच नव्हता. तरीही गावच्या बाजारात 'दातांसाठी' म्हणून गुल व मिश्री विकली जाते, आणि काही ठिकाणी ती आयुर्वेदीय मंजनांच्याच फळीवर मांडलेली असते. डबीवर घटक छापलेले नसतील किंवा उघडताच तंबाखूचा वास येत असेल, तर तो माल परत पाठवावा आणि पुरवठादाराकडून तसे लेखी घ्यावे.